साखरपाण्यावरची दादागिरी

प्रश्न : सध्या मी न्यू जर्सीत मुलीकडे राहते आहे. तिने अंगणात हमिंगबर्डसाठी, म्हणजे फुलातला रस पिणाऱ्या चिमुकल्या पाखरांसाठी, साखरपाण्याचा लाल फीडर टांगलाय. सकाळचा चहा मी त्याच्यासमोरच घेते. साखरेऐवजी मध किंवा गूळ घातला तर पाखरांना जास्त पौष्टिक नाही का? एक लाल गळ्याचा पक्षी बाकीच्यांना फिरकूच देत नाही, त्याला काय करावं? शेजारीण म्हणते, ऑगस्टमध्ये फीडर काढा, नाहीतर ते दक्षिणेला जाणारच नाहीत. खरं का?
— एक वाचक

उत्तर : ताई, मध आणि गूळ दोन्ही नको. मधाच्या पाण्यात बुरशी झटकन धरते आणि गुळातलं लोह या पाखरांना सोसत नाही. एक वाटी साधी पांढरी साखर, चार वाट्या पाणी, बस. पाण्यात लाल रंगही घालू नका, फीडर लाल आहे तेवढं पुरे. उन्हाळ्यात हे पाणी एक-दोन दिवसांत बदलायचं आणि दर वेळी फीडर गरम पाण्याने घासायचा. घासायचा कंटाळा असेल तर फीडर टांगूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमचा तो दादा म्हणजे रूबी-थ्रोटेड हमिंगबर्डचा नर. अमेरिकेच्या पूर्व भागात घरटं करणारी हमिंगबर्डची ही एकच जात. वजन जेमतेम तीन ग्रॅम, पण रुबाब बघा! उजेडाचा कोन बदलला की तोच लाल गळा काळपट दिसतो, त्यामुळे दादा एकच आहे की दोन, हे जरा निरखून बघा. फुलात रस थेंबभरच असतो आणि तो पुन्हा भरायला वेळ लागतो, म्हणून फुलांची जागा राखणं त्याच्या रक्तातच आहे. तुमचा फीडर आटत नाही, हे त्याला कोण सांगणार? त्याला हाकलू नका. दुसरा फीडर घराच्या पलीकडच्या बाजूला, पहिल्यावरून दिसणार नाही असा लावा. दोन्हीकडे पहारा त्याला जमायचा नाही.

शेजारणीचं म्हणणं मात्र खरं नाही. दिवस लहान होऊ लागले की त्यांना जाण्याची ओढ लागते, साखरपाणी त्यांना अडवत नाही. नर ऑगस्टपासूनच निघतात, माद्या आणि पिल्लं मागून. त्यातले कितीतरी मेक्सिकोचं आखात, म्हणजे सुमारे ८०० किलोमीटर, न थांबता ओलांडतात. त्यासाठी अंगावर चरबी साठवावी लागते. म्हणून शेवटचा पक्षी दिसल्यानंतरही दोन आठवडे फीडर राहू द्या, उत्तरेकडून येणाऱ्या वाटसरूंची सोय होते.

आणखी एक, न विचारलेलं. निव्वळ साखरेवर ही पाखरं जगत नाहीत. बारीक माशा, कोळी हेही त्यांचं खाणं, आणि कोळ्याच्या जाळ्याचे धागे मादी घरट्याला वापरते. तेव्हा झाडांवर कीटकनाशक मारू नका, कोपऱ्यातली जाळी राहू द्या. मुलीला वेल लावायचा असेल तर नर्सरीत तिथला देशी ट्रम्पेट हनीसकल मागायला सांगा. जपानी हनीसकल घेऊ नका, तो सगळीकडे माजतो.