पुस्तकच नाही, मग अभ्यास घ्यायचा कशाचा?

प्रश्न : मुलगी सहावीपर्यंत स्टेट बोर्डाच्या शाळेत होती, यंदा सातवीला पुण्यातल्याच एका आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय बोर्डाच्या) शाळेत घातली. विज्ञानाला पाठ्यपुस्तक नाही. 'चहा कोणत्या कपात जास्त वेळ गरम राहतो' या प्रयोगाच्या कागदावर नुसतं 'क्रायटेरियन बी : ५' लिहून आलं. घटक चाचणी नाही, वर्गात कितवी तेही कळत नाही. क्लासचे सर म्हणतात, "पोर्शन सांगा, मग बघू." मी अभ्यास घेऊ तरी कशाचा?
– एक आई, बाणेर

उत्तर : ताई, तो पाच आठपैकी आहे. त्याचे टक्के काढत बसू नका.

तुमची मुलगी ज्यात आहे तो आयबीचा मिडल इयर्स प्रोग्रॅम, म्हणजे एमवायपी. १९९४ साली सुरू झालेला, ११ ते १६ वयाच्या मुलांसाठीचा. त्यात प्रत्येक विषयाला ए, बी, सी, डी असे चार निकष (क्रायटेरियन) आणि प्रत्येकाला जास्तीत जास्त आठ. वर्षाअखेरी चारही मिळून बत्तीसपैकी बेरीज होते आणि तिची एक ते सातमधली ग्रेड ठरते. १९ ते २३ आले तर पाच, २८ किंवा त्याहून जास्त आले तर सात. चारही निकषांत पाच-पाच पडले, तर वीस होतात, ग्रेड पाच. सातवीत नव्याने आलेल्या मुलीला हे काही वाईट नाही.

मी बरीच वर्षं हा विज्ञानाचा वर्ग घेतला आहे, त्यामुळे तो कागद न बघताही अंदाज बांधते. विज्ञानात बी म्हणजे प्रश्न मांडून प्रयोग आखणं. स्टेट बोर्डातून आलेली मुलं 'स्टीलच्या पेल्यातला चहा लवकर गार होईल' असं लिहून थांबतात. का होईल, ते लिहीत नाहीत. स्टीलमधून उष्णता झटकन बाहेर जाते, हे कारण जोडलं की तोच अंदाज वरच्या पायरीवर जातो. शिवाय सगळ्या कपांत चहा सारखाच घेतला का, सुरुवातीचं तापमान एकच होतं का, पंखा चालू होता का? हे आधी ठरवून लिहावं लागतं. तापमानाचा तक्ता आणि आलेख सी-मध्ये मोजतात. कागदी कपाला आतून प्लॅस्टिकचा थर असतो, मग त्या कचऱ्याचं काय, हा झाला डी. आणि ए म्हणजे तुमचं-आमचं ओळखीचं पाठांतर, समजून केलेलं.

म्हणून अभ्यास घेताना आधी विचारा, "आज कोणता निकष?" मग शाळेने दिलेला निकषांचा तक्ता उघडा. पाच-सहाच्या आणि सात-आठच्या रांगेत फरक मुख्यतः क्रियापदांचा असतो. एकीकडे 'थोडक्यात सांगा', तर दुसरीकडे 'वर्णन करा' किंवा 'कारणासह स्पष्ट करा'. मुलीला तिचं उत्तर तेवढं एक पायरी वर चढवायला लावा. स्वतः लिहून देऊ नका. रात्री अकराला आईबाबांनी ग्लिटर लावून सजवलेले चार्टपेपर मी पुष्कळ पाहिले, शिक्षकाला ते दारातूनच ओळखू येतात.

क्लासचे सर पोर्शन मागतात, तर त्यांना सोडा. गणिताचं मात्र मला शाळेइतकं समाधान नाही. आकृतिबंध शोधणं, व्यवहारातली गणितं मांडणं छान चालतं, पण अपूर्णांक आणि समीकरणांचा हात बसायला लागतो तेवढा सराव बऱ्याच शाळांत होत नाही. सहावीचं जुनं बालभारतीचं पुस्तक रद्दीत घातलं नसेल, तर बाहेर काढा. रोज पाच-सहा उदाहरणं, वीस मिनिटं, पुरे.

नंबराची चौकशी थांबवा, पण एक चौकशी याच सत्रात कराच. नववी-दहावीला शाळा एमवायपीच पुढे नेते की आयजीसीएसई या दहावीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेकडे वळते? आपल्याकडे दोन्ही प्रकारच्या शाळा आहेत. पुन्हा स्टेट बोर्डात न्यायचा विचार असेल, तर तो आठवीपर्यंत पक्का करा. नववीत उडी मारली की भूमितीच्या सिद्धता आणि मराठीचं लेखन, दोन्ही एकदम अंगावर येतं.