रशियात २ ऑगस्टला माजी पॅराट्रूपर कारंज्यांत उड्या मारतात, हे खरं का? भाचा तिकडे रियाझान शहरात मेडिकलला चाललाय, त्याने त्या दिवशी बाहेर पडावं का?

खरं आहे. व्हिडिओत दिसतं त्याहून जास्तच असतं. तुमचा भाचा रियाझानला मेडिकलला चाललाय म्हणता, तर नेमक्या ठिकाणी चाललाय. मी तिथेच शिकलो. रियाझान म्हणजे रशियन पॅराट्रूपरांचं पंढरपूर. त्यांचे अधिकारी घडवणारी संस्था तिथे, त्यांचं संग्रहालयही तिथेच.

आधी सुट्टीचं सांगतो. २ ऑगस्ट हा पॅराट्रूपरांचा, म्हणजे विमानातून पॅराशूटने उतरणाऱ्या सैनिकांच्या दलाचा दिवस, पण राष्ट्रीय सुट्टी नाही. २००६ च्या अध्यक्षीय आदेशाने त्याला स्मृतिदिनाचा दर्जा मिळाला, पण ऑफिसं, दुकानं चालू असतात. ज्याला साजरा करायचा तो रजा टाकतो. तारीख १९३० सालची. त्या वर्षी २ ऑगस्टला व्होरोनेझजवळ हवाई दलाच्या सरावात १२ जणांनी पॅराशूटने उड्या मारल्या, आणि तोच या दलाचा जन्म मानतात.

पण आज दिसणारा सगळा थाट आला तो एका माणसामुळे, जनरल वसिली मार्गेलोव. मधली एक-दोन वर्षं सोडली तर १९५४ ते १९७९ हे दल त्यांच्याच हाताखाली होतं. निळ्या पट्ट्यांचा बनियन हा मुळात खलाशांचा. मार्गेलोव १९४१ मध्ये लेनिनग्राड आघाडीवर नौसैनिकांच्या स्की-रेजिमेंटचे प्रमुख होते. तिथे तो बनियन त्यांच्या मनात बसला आणि पुढे त्यांनी तो आपल्या पोरांच्या अंगावर चढवला. नौदलप्रमुख गोर्श्कोव यांना ते रुचलं नव्हतं म्हणतात, पण १९६९ मध्ये तो गणवेशात आलाच. निळी टोपीही त्याच सुमाराची. त्याआधी काही काळ त्यांची टोपी लालसर होती.

या माणसाचा एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. माणसं आत बसलेली असतानाच चिलखती गाडी विमानातून खाली सोडायची, अशी त्यांची कल्पना. सात टनांच्या आसपास वजन, वर पॅराशूट आणि आत दोन माणसं. ५ जानेवारी १९७३ ला तुला शहराजवळ हे पहिल्यांदा करून पाहिलं, तेव्हा त्या दोघांतला एक होता त्यांचा स्वतःचा मुलगा, अलेक्सांद्र. प्रयोग फसला असता तर स्वतःवर झाडून घ्यायला त्यांनी भरलेलं पिस्तूल जवळ ठेवलं होतं, असं तिकडे सांगतात. गाडी नीट उतरली.

कारंज्यांचं म्हणाल, तर ऑगस्टचं ऊन, सकाळपासून रिचवलेली व्होडका आणि चौकात समोर पाणी. आणखी कारण शोधायला जाऊ नका. गंमत अशी की २ ऑगस्ट हाच बायबलमधल्या संदेष्टा एलीयाचाही दिवस. अग्निरथातून आकाशात गेलेला हा संत, म्हणून पॅराट्रूपरांनी त्याला आपला पाठीराखा मानलाय. आणि त्याच्या दिवसापासून नदी-तळ्यात पोहायचं नाही, अशी रशियातल्या म्हाताऱ्यांची पक्की समजूत! आमच्या होस्टेलवरच्या बाई खिडकीतून ती भिजलेली वरात बघत स्वतःवर क्रूस काढायच्या.

दुसरी खूण कलिंगडाची. एकदा बसस्टॉपवर पन्नाशीचा एक दांडगा गडी भेटला. टोपी पार डोक्याच्या मागे, बनियन पोटावर ताणलेला. कलिंगड फुटपाथच्या कडेवर आपटून त्याने हातानेच त्याची भकलं केली आणि एक माझ्या हातात कोंबलं. ‘इंडिया?’ म्हणाला आणि समोर उभं राहून मला ते संपवायला लावलं. शर्टाचं वाटोळं झालं. कपाळावर बाटल्या-विटा फोडणं, मोटारीतून झेंडे फडकवत हिंडणं हेही चालतं.

सकाळ मात्र वेगळी असते. चर्चमध्ये प्रार्थना, कबरींवर फुलं, लढाईत पडलेल्या सोबत्यांच्या आया. मार्च २००० मध्ये चेचन्यातल्या एका टेकडीवर प्स्कोव शहरातल्या पॅराट्रूपरांच्या एकाच कंपनीच्या लढाईत ८४ जण पडले, त्यांचं नाव या दिवशी हमखास निघतं. आता युक्रेनमधल्या मेलेल्यांची भर पडलीय. त्याच प्स्कोवच्या डिव्हिजनवर युक्रेनमधल्या बुचा शहरातल्या नागरिकांच्या हत्यांचे आरोप आहेत, हे माहीत असल्यावर तो जल्लोष मला तरी निव्वळ गंमत म्हणून बघवत नाही. युक्रेनचे पॅराट्रूपर पूर्वी हाच दिवस पाळायचे. २०१७ मध्ये त्यांनी तो नोव्हेंबरात नेला आणि निळी टोपी टाकून गडद तांबड्या (मरून) रंगाची घेतली, जगातले बहुतेक पॅराट्रूपर घालतात तीच. आपलेही तीच घालतात. १९७१ च्या बांगलादेश युद्धात टांगाईलला पॅराशूटने उतरलेली आपली २ पॅरा बटालियन ही मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण.

बाहेर पडण्याचं म्हणाल तर सकाळचा कार्यक्रम भाच्याने जरूर बघावा, पोरंटोरं घेऊन घरचे लोकही येतात. दुपारनंतर मोठे चौक, बागा आणि भाजीबाजार टाळावेत. कॉकेशस आणि मध्य आशियातल्या फेरीवाल्यांशी या दिवशी पूर्वी मारामाऱ्या झाल्यात, आणि प्यालेल्या माणसाला आपण कुठले ते कळेलच असं नाही. झिंगलेल्याच्या तोंडासमोर मोबाईल धरू नये. २०१७ मध्ये मॉस्कोच्या गोर्की पार्कमध्ये एका टीव्ही पत्रकाराने थेट प्रक्षेपण चालू असतानाच ठोसा खाल्लाय. कोणी ‘झा वेदेवे!’ (म्हणजे ‘पॅराट्रूपर दलाच्या नावाने!’) म्हणून ग्लास पुढे केला, तर हसून ‘पीत नाही’ म्हणावं आणि कलिंगड दिलं तर घ्यावं.