हिंगाची डबी, सोयाबीनचं पोतं आणि हायवेवरचे कंटेनर: पालकांच्या प्रश्नांना उत्तरं

मागच्या वेळी मी लिहिलं होतं की पोरांना आयात-निर्यात समजावायची तर आधी पुस्तक मिटा आणि स्वयंपाकघरात चला. त्यावर बरेच प्रश्न आले, काही चिडून पण आले. सगळे घेता येणार नाहीत म्हणून मोजके निवडलेत. नवीन वाचकांसाठी एवढंच सांगते की मी इंदूरात 28 वर्षं कॉमर्स शिकवलं आणि सासरी सियागंजात किराण्याचं ठोक दुकान होतं, त्यामुळे माझं अर्धं ज्ञान पुस्तकातलं आणि अर्धं गोदामातलं.

राजेंद्र नगरहून एक आई: मुलगा पाचवीत आहे. आयातीची आणि निर्यातीची व्याख्या धाडधाड म्हणून दाखवतो, पण आपल्या घरात बाहेरचं काय आहे विचारलं तर टीव्ही म्हणतो आणि गप्प बसतो. सुरुवात कुठून करू?

टीव्हीपासून अजिबात नको, पोराच्या दृष्टीनं तो नुसता एक डबा. हिंगाची डबी काढा. मागची बारीक अक्षरं त्यालाच वाचू द्या, आजोबांचं भिंग द्या हवं तर. बहुतेक डब्यांवर आधी गव्हाचं किंवा तांदळाचं पीठ, खायचा डिंक असं काय काय दिसेल आणि हिंग असेल थोडाच. मग तो विचारेलच की आई हे हिंग आहे की पीठ आहे.

तर हिंग म्हणजे एका झाडाच्या मुळाला चीर देऊन जो चीक गळतो तो वाळवलेला. हे झाड अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानकडच्या कोरड्या डोंगरातलं. आपण शतकानुशतकं वरणात घालतोय पण आपल्याकडे त्याची लागवडच नव्हती, 2020 च्या ऑक्टोबरमधे हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात पहिली रोपं लावली गेली. तिकडून येतो तो कच्चा चीक इतका उग्र असतो की तसाच खाता येत नाही, मग हाथरससारख्या ठिकाणी पीठ आणि डिंक मिसळून तो खाण्याजोगा करतात. आणि गंमत म्हणजे हा तयार हिंग आपण परत बाहेरच्या देशात विकतो, जिथे जिथे आपली माणसं वरणभात खातात तिथे. म्हणजे आयात आणि निर्यात दोन्ही एका डबीत.

मुलाला विचारा की चीक कोणी काढला, इथवर कोणी आणला, आणि तुझ्या आईनं दुकानदाराला दिलेल्या पैशातला कोणाला किती मिळाला असेल. शेवटच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर तुम्हालाही येणार नाही आणि मलाही नाही, तरी विचारा. आठवड्याला एक वस्तू पुरे. मी पहिल्या वर्षी उत्साहात एकाच तासात अकरा मसाले घेतले होते, पोरांना फक्त शिंका लक्षात राहिल्या.

सुदामा नगरहून एक बाबा: मुलगी आठवीत. म्हणते देवास, उज्जैन, सांवेर सगळीकडे सोयाबीनच सोयाबीन, मग आपण तेल बाहेरून का आणतो, आपण वेडे आहोत का? मला उत्तर देता आलं नाही.

मुलगी हुशार आहे, तिला वेडं म्हणू द्या, मग छावणीच्या धान्य मंडईतून किलोभर सोयाबीन आणा. ताटात ओता, काट्यावर वजन करा. आता तिला सांगा की तेलाच्या कारखान्यात टाकलं तर यातून साधारण 180 ग्रॅम तेल निघणार, म्हणजे जेमतेम एक वाटीभर. ती वाटी शेजारी ठेवा. बाकीच्याची ढेप, म्हणजे तेल काढून उरलेला चोथा, आपले व्यापारी डीओसी म्हणतात, ती जाते कोंबड्यांच्या खाद्यात आणि बाहेरच्या देशातही. शेंगदाण्यातून किलोमागे 450 ग्रॅमच्या आसपास निघतं. म्हणजे सोयाबीन हे खरं तर ढेपेचं पीक आहे, तेल सोबत मिळतं, हे मला स्वतःला पण लग्नानंतर सासऱ्यांनी सांगितलं तेव्हा कळलं.

आणि हे पीक सुद्धा आपलं जुनं नाही हो. 60 च्या दशकात जबलपूर आणि पंतनगरच्या कृषी विद्यापीठांत अमेरिकेतून आलेल्या पिवळ्या वाणांवर प्रयोग झाले, त्यानंतर ते माळव्यात पसरलं, त्याआधी इथली कितीतरी काळी जमीन पावसाळ्यात पडीकच ठेवायचे. आपल्याला वाटतं माळवा म्हणजे सोयाबीन, आजीला विचारा, तिच्या लहानपणी नव्हतं.

आता तेल. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. पामतेल इंडोनेशिया-मलेशियाचं, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलचं, सूर्यफुलाचं रशिया-युक्रेनकडून. म्हणून 2022 ला तिकडे युद्ध पेटलं आणि वर 28 एप्रिलला इंडोनेशियानं पामतेल बाहेर पाठवणं बंद केलं, 23 मेला परत सुरू केलं, तेव्हा आपल्या सेववाल्याच्या कढईपर्यंत त्याची धग आली. नमकीनच्या शहरात राहून ही गोष्ट मुलांना सांगायची नाही म्हणजे कमालच.

मग दोन खुर्च्या मांडा. एकीवर सांवेरचा शेतकरी, दुसरीवर सेववाला. 2024 च्या सप्टेंबरमधे सरकारनं कच्च्या खाद्यतेलावरची मूळ आयात ड्यूटी शून्यावरून 20 टक्के केली, म्हणजे बाहेरचं तेल महाग, शेतकरी खूश आणि सेववाला नाराज. तेव्हा सोयाबीनचा हमीभाव 4892 रुपये क्विंटल होता आणि शेतकरी 6000 मागत होते. पुढे 2025 च्या मे अखेरीस ती ड्यूटी 10 टक्क्यांवर आणली. एवढं सांगून पोरांना भांडू द्या, तुम्ही मधे बोलू नका. आमच्या शनिवारच्या वर्गात शेतकरी झालेला मुलगा जिंकतच आला होता, तेवढ्यात मागून एक चिमुरडी उठली, म्हणाली माझ्या कोंबड्यांना ढेप स्वस्त पाहिजे, तिचं काय? पुढची वीस मिनिटं मला कोणी विचारलं नाही. कोण बरोबर ते ठरवायच्या भानगडीत पडू नका, मोठ्यांचंही अजून ठरलेलं नाही.

एक शिक्षिका: बारकोड 890 नं सुरू झाला की वस्तू भारतात बनलेली, असा मेसेज फिरतो. वर्गात सांगू का?

नका सांगू, चूक आहे. 890 चा अर्थ एवढाच की त्या कंपनीनं आपला बारकोड भारतातल्या संस्थेकडून घेतलाय. माल कुठेही बनलेला असू शकतो. पाकिटावर मूळ देश आणि आयात करणाऱ्याचा पत्ता शोधायला लावा, तो खरा.

मल्हारगंजहून एक आजोबा: नात नववीत आहे. माळव्याच्या व्यापाराचं बोलायचं तर अफूचं सांगावं लागतं. सांगावं का?

सांगा आजोबा, तुम्ही नाही सांगितलं तर कोण सांगणार. तिच्या पुस्तकात चहा येतो, चीन येतो, मधला माळवा गायब असतो. इंग्रजांना चीनचा चहा हवा होता, बदल्यात चीनला त्यांच्याकडचं फारसं काही नको होतं, चांदी मोजावी लागायची. त्यावर तोड म्हणून अफू. बंगालकडची अफू ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात होती पण माळवा संस्थानिकांचा, इथला माल साहुकारांच्या पैशावर चोरवाटांनी पोर्तुगीजांच्या दमणपर्यंत पोचायचा. अडवून अडत नाही म्हटल्यावर 1831 पासून कंपनीनं पास देऊन, पैसे घेऊन तो मुंबईतून जाऊ दिला. चीननं अफूवरची बंदी कडक केली तर 1839 ते 1842 इंग्रजांशी युद्ध झालं आणि हाँगकाँग इंग्रजांकडे गेलं. आपल्या सराफ्यात रात्री गराडू (तळलेला कंद) खाताना हे सांगा, की इथल्या साहुकारांच्या पेढ्यांवर कधी काळी याचे सौदे व्हायचे.

काही जण म्हणतील मुलांसमोर आपल्याच गावाची बदनामी कशाला. मला नाही पटत. आमच्या गावच्या पेढ्या श्रीमंत झाल्या आणि तिकडे चीनमधे घरं बुडाली, नववीतल्या मुलीला दोन्ही झेपतं. मात्र हेही सांगा की आज मंदसौर-नीमचला अफू होते ती सरकारी परवान्यानं, औषधांसाठी, नीमचला सरकारी कारखाना आहे.

विजय नगरहून एक आई: आपल्याकडे ना समुद्र ना बंदर. जहाज-कंटेनर मुलांना दाखवायचं कसं?

रविवारी पोहे-जलेबी झाली की पीथमपूरच्या रस्त्याला गाडी घाला. तिथल्या टिहीला कंटेनर डेपो आहे, आत सोडणार नाहीत पण रस्त्यावर हवे तेवढे दिसतील. कंटेनरच्या दारावर चार अक्षरं आणि सात आकडे असतात. पहिली तीन अक्षरं मालकाची, चौथं बहुतेक यू, पुढे सहा आकडे त्याचा नंबर आणि शेवटचा एक आकडा नंबर बरोबर आहे का ते तपासायला. मुलांना वहीत उतरवू द्या, आमची पोरं क्रिकेटच्या कार्डांसारखी जमवतात. एमएईयू दिसलं की मर्स्क, डेन्मार्कची. बहुतेक सगळे ठरलेल्या मापाचे, 20 किंवा 40 फुटी, म्हणून क्रेननं जहाजावरून थेट ट्रकवर. 1956 ला अमेरिकेत मॅल्कम मॅक्लीन नावाच्या ट्रकवाल्यानं 58 कंटेनर एका जहाजावर चढवले तिथून हे चालू झालं, त्याआधी पोतं पोतं हमाल वाहायचे आणि जहाज दिवसच्या दिवस धक्क्याला अडकून पडायचं.

याच आईंच्या मुलाचा प्रश्न, वय 9: काकू, माल उतरवून जहाज रिकामं परत जातं का?

शाब्बास रे, हे कॉलेजातले पण विचारत नाहीत. जहाज तसं अगदी रिकामं जात नाही, पण त्यावरचे बरेच कंटेनर रिकामे असतात, कारण एका देशातून जेवढा माल येतो तेवढा परत जाईलच असं नाही. रिकामा नेण्यापेक्षा थोडे पैसे मिळाले तर बरं म्हणून त्या बाजूचं भाडं कमी असतं. 2021 मधे तर उलटंच झालं, आपल्याकडे माल तयार आणि भरायला कंटेनरच मिळेनात. आता तू हायवेवर एक कर, दाराच्या कडीकडे बघ. तिथे जाड बोल्टासारखं सील लावलेलं दिसलं तर भरलेला समज. नसेल तर बहुतेक रिकामा. दहा मोज आणि मला कळव.