माझ्या ११ वर्षांच्या मुलाला फॉर्म्युला वन ड्रायव्हर व्हायचंय, आम्ही यवतमाळ जिल्ह्यात खेड्यात राहतो. सुरुवात कुठून करावी आणि पोरात दम आहे की नाही हे कसं ओळखायचं?

"पोरात दम आहे की नाही" हे वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी पण यवतमाळ जिल्ह्यातलाच, दारव्हा रोडवर माझं टू-व्हीलरचं गॅरेज आहे, २२ वर्षं झाली. माझ्या भाच्याला हेच व्हायचं होतं. बाकीचं पण सांगतो पण आधी हे ऐकून घ्या, कारण निकालाचा कागद पाहून पोराचा दम ओळखायला जाल तर लेकराचं वाटोळं कराल.

आमचे भाऊजी पटाचे, म्हणजे बैलांच्या शर्यतीचे, शौकीन, घरात दोन पिढ्यांपासून शंकरपटाची जोडी. भाचा कळायला लागल्यापासून बापाच्या खांद्यावर बसून तळेगाव दशासरचा पट पाहत आला. २०१४ ला सुप्रीम कोर्टाने शर्यती बंद केल्या, जोडी दावणीला बांधून राहिली आणि पोरगं शाळा सुटली की माझ्या गॅरेजमध्ये येऊन बसायला लागलं. त्याला वेगच पाहिजे होता, बैलाचा नाही तर इंजिनचा. नागपूरला लग्नाला गेलो होतो तेव्हा त्याला भाड्याच्या गो-कार्टवर बसवलं, दहा मिनिटांचं तिकीट. तिथं कॉलेजची पोरं होती, ती वळणावर जोरात ब्रेक मारायची आणि गाडी घसरवायची, पाहणाऱ्याला वाटे काय चालवतात. हा ब्रेक मारायचा जोरात पण सोडायचा एकदम हळू, गाडी वळेपर्यंत थोडा थोडा पाय उचलत. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. शेवटचे पाच लॅप, म्हणजे ट्रॅकच्या फेऱ्या, मी माझ्या मोबाईलवर मोजले, पाचही एकमेकांच्या दोन दशांश सेकंदात. त्या दिवशी मला समजलं.

मग २०१८ साली, भाचा १२ वर्षांचा, आम्ही एक रेस करायची ठरवली. नॅशनल वगैरे नाही, लहान रेस. टीमकडून कार्ट भाड्याने घ्यायची, मेकॅनिक त्यांचाच, आपण फक्त हेल्मेट आणि सूट घेऊन जायचं. टीमचं नाव घेत नाही. एन्ट्री, भाडं, लायसन्स, जाणं-येणं धरून ८५ हजार लागले, त्यातले ५० माझे आणि ३५ भाऊजींच्या कापसाचे. धामणगावहून महाराष्ट्र एक्सप्रेस पकडली, पोरगं रात्रभर झोपलं नाही, हेल्मेट मांडीवर घेऊन खिडकीत बसून होतं.

सकाळच्या प्रॅक्टिसला १४ पोरांत हा चौथा. पहिल्यांदा पाहिलेला ट्रॅक! बाकीची पोरं तिथं दर शनिवार-रविवारी चालवणारी. मी जाळीबाहेर उभा होतो, माझे हात थरथरत होते.

दुपारी ऊन चढलं आणि इंजिनचा आवाज बदलला. १२५ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन होतं ते. मी आयुष्यभर आरएक्स-१०० आणि राजदूत खोलल्या आहेत, टू-स्ट्रोक जास्त पेट्रोल प्यायला लागलं की वरच्या आरपीएमला कसं भडभडतं हे मला झोपेत पण ओळखू येते. सरळ रस्त्याच्या शेवटी, जिथं गाडी ओरडायला पाहिजे, तिथं ती गुदमरत होती. सकाळच्या गारव्यात बसवलेला मेन जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोल मोजून सोडणारी बारीक नळी, दुपारच्या उन्हात तसाच ठेवला होता त्यांनी. हवा तापली की विरळ होते, पेट्रोल तेवढंच जाते, मिक्स्चर रिच होते, जेट एक-दोन नंबर लहान टाकावा लागते, पाच मिनिटांचं काम. मी जाऊन त्यांच्या मेकॅनिकला सांगितलं. तो एकटा चार कार्ट सांभाळत होता, त्यातल्या दोन दरवर्षी पूर्ण सीझन भरणाऱ्या पोरांच्या, त्यांचे जेट दोनदा बदललेले मी डोळ्यांनी पाहिले. मला म्हणाला, "काका, तुम्ही जाळीच्या बाहेर थांबा." मी थांबलो. आजही वाटते की थांबायला नको होतं, भांडायला पाहिजे होतं, पण आपण खेड्यातले, नवीन जागा, पोराला काढून टाकतील ही भीती.

फायनलला नववा. लॅप टाइम सकाळपेक्षा सहा दशांश हळू, पण वळणांवर तो कोणालाच सोडत नव्हता, सरळ रस्त्यावर सगळे बाजूने निघून जायचे आणि पुढच्या वळणावर हा परत त्यांच्या बंपरला. रेस झाल्यावर मी प्लग खोलून दाखवा म्हटलं, काळाभोर, काजळी बसलेला. तो प्लग मी मागून घेतला, अजून गॅरेजच्या गल्ल्यात आहे. पोरगं उतरल्यावर पहिलं वाक्य काय बोललं माहीत आहे का? "मामा, वर ती ओढत नव्हती." १२ वर्षांच्या लेकराला समजलं, मेकॅनिकला नाही समजलं.

मग पोळा आला. तोरणाखाली बैल उभे, झडत्या सुरू व्हायच्या होत्या, आणि भाऊजी चार लोकांत म्हणाले, "गाडी त सगळ्याइची सारखीच होती ना? मंग आपलंच काऊन मांगं रायलं? लेकरू भेते, दुसरं काही नाही." भाचा तिथंच बैलाचा कासरा धरून उभा होता. त्या दिवसानंतर त्याने रेसिंगचं नाव काढलं नाही. आता १९ चा आहे, डिप्लोमा करतो, सुट्टीत गॅरेजला येतो, पण टीव्हीवर रेस लागली की उठून बाहेर जातो.

"गाडी सगळ्यांची सारखी" हे वाक्य या धंद्यातलं सगळ्यात खोटं वाक्य आहे. अगदी वरपर्यंत. एफ-टू, म्हणजे एफ-वनच्या एक पायरी खालची रेस, तिथं सगळ्यांना डल्लारा कंपनीची एकच चॅसी (गाडीचा सांगाडा), मेकाक्रोमचं एकच इंजिन, पिरेलीचे तेच टायर. तरी 'प्रेमा' नावाच्या टीमसारख्या दोन-चार टीम वर्षानुवर्षं पुढे कशा राहतात? इंजिनिअर चांगला, डेटा जास्त, आणि तिथं बसायला पैसा जास्त. एफ-टूच्या वीकेंडला प्रॅक्टिस फक्त ४५ मिनिटं मिळते आणि मग लगेच क्वालिफायिंग (रेसला कोण कितव्या जागेवरून सुटणार ते इथं ठरते), म्हणजे जो वर्षभर सिम्युलेटरवर आणि जुन्या गाड्यांमध्ये टेस्टिंग करून आला तो तयार आणि बाकीचे शिकतच राहतात. जेहान दारूवाला बघा, २०२० ते २०२३ चार सीझन एफ-टू चालवली, तिथं रेस जिंकणारा पहिला भारतीय तो, रेड बुलच्या ज्युनिअर टीममध्ये राहिला, तरी एफ-वनची सीट नाही मिळाली. कुश मैनीने २०२५ ला मोनॅकोत एफ-टूची स्प्रिंट (छोटी) रेस जिंकली, जिथं ओव्हरटेक करणं फार अवघड. यांच्यात दम नाही म्हणायची हिंमत आहे का कोणाची?

आणि भाऊजी, तुमचंच सांगतो. २०२१ च्या डिसेंबरमध्ये कोर्टाने शर्यतींना परत परवानगी दिली, तुम्ही नवी जोडी घेतली, दीड वर्षाने पटात मागे राहिली, तेव्हा घरी येऊन काय म्हणाले होते? "बैलाच्या खुराले लागलं होतं, धुरकरी काय करन?" धुरकरी म्हणजे जोडी हाकणारा. मी तेव्हा पाहुणे बसले होते म्हणून गप्प राहिलो. धुरकऱ्याला माफी आणि स्वतःच्या लेकराला नाही. त्याच्या पण बैलाच्या खुराला लागलंच होतं, आणि त्याने ते उतरल्या उतरल्या सांगितलं होतं.

आता तुमचा प्रश्न. दम ओळखायचा तर नंबर पाहू नका, सलग दहा लॅप मोजा आणि किती एकसारखे येतात ते बघा, आणि गाडीतून उतरल्यावर पोरगं गाडीबद्दल काय सांगते ते ऐका. ११ वर्षं म्हणजे उशीर झालेला नाही पण वेळ पण नाही, युरोपातली पोरं आठव्या वर्षी रेस करतात. एफ-फोर, म्हणजे कार्टिंगनंतरची पहिली मोठी पायरी, तिला कमीत कमी वय १५ लागते, म्हणजे चार वर्षं कार्टिंगला आहेत तुमच्याकडे. आपल्या राज्यात कार्टिंगसाठी कोल्हापूरकडे बघा, तिथून कृष्णराज महाडिक ब्रिटिश एफ-थ्रीपर्यंत गेला. लायसन्स एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटर रेसिंगच्या संघटनेचं, काढावं लागते. पुढे एफ-फोर इंडिया आहे, २०२३ ला सुरू झाली, आणि फॉर्म्युला एलजीबी आहे, ती बरीच स्वस्त, चेन्नई आणि कोइम्बतूरच्या ट्रॅकवर चालते. आतापर्यंत एफ-वन चालवलेले भारतीय दोनच, नारायण कार्तिकेयन २००५ ला आणि करुण चंढोक २०१० ला, एक कोइम्बतूरचा आणि एक चेन्नईचा. ट्रॅक घराजवळ असणं किती मोठी गोष्ट आहे ते यावरून समजून घ्या.

वरचं गणित असं की एफ-वनच्या सुपर लायसन्सला साधारणपणे १८ वर्षं पूर्ण पाहिजेत आणि तीन सीझनमध्ये ४० पॉइंट, एफ-टूला पहिल्या तिघांत आलात तर ४० एकदम मिळतात. त्या एफ-टूच्या एका सीझनला २०-३० कोटी रुपये लागतात. शेत विकू नका. एस्तेबान ओकॉनच्या आईवडिलांनी घर विकलं, बाप गॅरेजवालाच होता, कॅरॅव्हॅनमध्ये राहून पोराला फिरवलं, तो २०२१ ला हंगेरीत एफ-वन जिंकला, हे खरं आहे, मला पाठ आहे ती गोष्ट. पण शेत विकू नका. या एका बाबतीत भाऊजी बरोबर होते, ते तेव्हा दोन एकर विकायला नाही म्हणाले आणि मी त्यांना नको ते बोललो.

आणखी एक, मी सांगितलेले पैसे २०१८ चे आहेत, आता दर वाढले असतील, टीमला फोन करून विचारा. इंजिन किती तासांपूर्वी बांधलं, एक मेकॅनिक किती कार्ट पाहतो आणि दुपारी जेट बदलणार का, हे पैसे द्यायच्या आधी विचारा, आणि उत्तर देताना चिडले तर तिथं पोराला बसवू नका. जमलं तर जायच्या आधी एकदा दारव्हा रोडला या, लेकराला घेऊनच या. टू-स्ट्रोकचा आवाज कसा ऐकायचा ते मी अर्ध्या दिवसात शिकवतो. भाचा सुट्टीवर असला तर तो पण सांगेल कदाचित, मी त्याला विचारून ठेवतो.