‘माझा विश्वास कमी पडतोय का?’

एस्तरताई (खरं नाव वेगळं, घरचे तपशीलही बदलले आहेत) नगर जिल्ह्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहेत. वय ४६. दीड वर्षापूर्वी नवऱ्याला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. माझ्याकडे समुपदेशनाला आल्या, “सलाम मॅडम,” म्हणून बसल्या आणि पिशवीतून एक वही काढली. प्रार्थनेची वही. डावीकडे तारीख आणि विनंती, उजवीकडे उत्तर मिळालं की लाल पेनाची खूण. मुलीची दहावी, खूण. गळणारं छप्पर, खूण. गेल्या आठ महिन्यांत मात्र रोज एकच ओळ: ‘यांना उठव.’ समोरची जागा कोरी.

“माझा विश्वास कमी पडतोय का, मॅडम?”

ख्रिस्ती घरांतली माणसं मला हा प्रश्न फार विचारतात. मी स्वतः पाळकाची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूची, मुलगी, त्यामुळे उत्तर जिभेवरच असतं, आणि त्या दिवशी मी तीच चूक केली. देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सगळ्या गोष्टी मिळून कल्याणाच्या होतात, हे बायबलमधल्या रोमकरांस पत्रातलं वचन ऐकवलं. वचनात खोट नाही. पण बाईंनी वही मिटली. “हो, सगळे तेच सांगतात,” म्हणाल्या आणि एसटीची वेळ झाली म्हणून उठल्या.

दुसऱ्या भेटीत मी फक्त झोपेचं विचारलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. रात्रीसुद्धा. दीड वर्ष हे त्या एकट्या करत होत्या. प्रार्थनेला गुडघे टेकले की डोळा लागायचा, आणि त्या त्याला ‘देवापासून दूर जाणं’ म्हणत होत्या! डॉक्टरांनी नैराश्याच्या गोळ्या दिल्या होत्या, त्याही वीस दिवसांपासून बंद. महिला मंडळातल्या एका बाईंनी विचारलं होतं, “प्रभूवर भरवसा आहे ना, मग गोळी कशाला?” (त्या बाई रक्तदाबाची गोळी रोज न चुकता घेतात, हे एस्तरताईंनीच नंतर हसत सांगितलं.) या गोळ्या अशा मनाने एकदम थांबवायच्या नसतात आणि त्यांचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात. त्याच आठवड्यात त्यांना पुन्हा डॉक्टरांकडे पाठवलं.

मग आम्ही बायबलमधल्या १ राजे या पुस्तकाचा १९वा अध्याय उघडला. ईजबेल राणीच्या भीतीने पळालेला एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला विश्वासावर प्रवचन देत नाही. त्याला झोपू देतो. दूत उठवतो, निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याची सुरई पुढे ठेवतो. एलीया खातो आणि परत झोपतो, दूत परत खाऊ घालतो. “दोनदा?” ताईंनी विचारलं. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण हे दोनदा त्यांच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

त्यांचा मोठा सल वेगळाच होता: पुरेसा विश्वास असता तर हे उठले असते. मी पंडिता रमाबाईंचं विचारलं. दौंडजवळच्या केडगावला, रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, ताई जाऊन आल्या होत्या. रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ साली आईच्या आधी गेली. अख्खं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मराठीत आणणारी ही बाई. तिचा विश्वास कमी पडला, असं म्हणायला कुणाची जीभ रेटेल? ताई बराच वेळ गप्प राहिल्या.

घरी करायला मी एक काम दिलं. स्तोत्र १३ वाचायचं, देवा, आणखी किती दिवस मला विसरणार आहेस, असं थेट विचारणारं. आणि तसंच स्वतःचं लिहायचं. “देवाशी भांडायचं?” त्या दचकल्या. मी स्तोत्र ८८ दाखवलं. ते तर अंधारातच संपतं, शेवटी स्तुतीची एक ओळही नाही, तरी शास्त्रात आहे. पुढच्या वेळी वहीत होतं: ‘प्रभू, डायपरचं पाकीट संपलंय. पगार झाला नाही. मला यांचा राग येतो. तुझाही येतो.’ मला विचाराल तर आठ महिन्यांतली ही त्यांची सगळ्यात विश्वासाची प्रार्थना. ज्याच्यावर भरवसाच नाही, त्याच्याकडे कोण कशाला गाऱ्हाणं नेईल?

त्यांच्या परवानगीने मी पाळकसाहेबांना फोन केला. मंडळीतले लोक आळीपाळीने प्रार्थना करतात त्या साखळीत नाव होतंच, मी रात्रीची माणसं मागितली. आता दर गुरुवारी तरुण संघातली दोन मुलं मुक्कामाला येतात आणि कूस बदलून देतात.

गेल्या महिन्यात ताई सांगत होत्या, रविवारी चर्चमध्ये साक्षीच्या वेळी, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायच्या वेळी, त्या उभ्या राहिल्या. “म्हटलं, हे अजून उठलेले नाहीत. पण गुरुवारी मी पाच तास सलग झोपले.”

“मग?”

“मग काय, हालेलुया म्हणायचं की नाही, कुणाला कळेना. शेवटी पाळकसाहेबांनी पुढच्या गीताचा नंबर सांगितला.”