उन्हाळी फेलोशिपचे ४० दिवस: बाटल्या, पिपेट आणि निगेटिव्ह कंट्रोल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बी.एस्सी. बायोटेकचं दुसरं वर्ष, विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी फेलोशिपवर मे-जूनसाठी निवड झाली आहे, काम मातीतल्या जिवाणूंच्या १६एस जीनच्या (जिवाणू ओळखायला वापरतात तो जीन) पीसीआरचं, म्हणजे डीएनएच्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती करण्याचं. आधी जाऊन आलेले म्हणतात, ‘नुसत्या बाटल्या धुतल्या, रिझल्ट काहीच आला नाही.’ तर तयारी काय करावी?

आधी हिशोब मांडू. दोन महिने म्हणजे ८ आठवडे, कामाचे ४० दिवस. पहिले तीन-चार दिवस ओळखपत्र, वसतिगृह आणि सुरक्षेच्या प्रशिक्षणात जातात. शेवटचा आठवडा अहवालाचा. प्रायमर (प्रत कुठून सुरू करायची ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) मागवायचे असतील तर त्यांची वाट पाहण्यात आणखी काही दिवस. उरले २५ च्या आसपास. डीएनए काढणं, पीसीआर, जेल (डीएनएचे तुकडे आकारानुसार वेगळे करून पाहणं) अशी एक फेरी सहज एक-दीड दिवस खाते, त्यामुळे सगळ्या मिळून १५-२० फेऱ्या होतात आणि त्यातल्या निम्म्या फसतात. फसू देत. का फसली हे ज्या फेरीतून कळत नाही, ती मात्र खरी वाया गेली. ते कळतं कंट्रोलवरून (निकाल काय यायला हवा हे आधीच माहीत असलेल्या नळ्या) आणि वहीवरून, म्हणून मी बहुतेक त्यावरच लिहितो.

निघण्याआधी दोन कामं. विद्यापीठाच्या परीक्षा लांबतात हे आपल्याकडे नवीन नाही, तेव्हा रुजू होण्याची तारीख गाईडना ईमेलवर कळवून त्यांचा होकार लेखी घ्या. त्याच ईमेलमध्ये लॅबचे दोन शोधनिबंध मागा. ते वाचताना प्रस्तावनेत अडकू नका; आधी आकृत्या पाहा, मग पद्धतीचा भाग, आणि त्यातल्या प्रत्येक द्रावणाची आकडेमोड कागदावर करा. १० मायक्रोमोलर (द्रावणाची तीव्रता), ५०एक्स (पन्नासपट तीव्र साठा), १:१० (दहापट पातळ) या गोष्टी बोटांवर आल्या नाहीत तर पहिले दोन आठवडे दुसऱ्याला विचारण्यात जातात.

पोचल्यावर पहिल्याच दिवशी विचारा, ‘माझे प्रायमर लॅबमध्ये आहेत का?’ नसतील तर त्याच दिवशी मागणीपत्र जायला हवं. प्रायमर कोरड्या स्वरूपात येतात. झाकण उघडण्याआधी नळी सेंट्रिफ्यूजमध्ये काही सेकंद फिरवा, कारण तो कण झाकणाला चिकटलेला असला तर उडून जातो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. लेबलवर जितके नॅनोमोल असतील त्याला १० ने गुणा आणि तितके मायक्रोलिटर पाणी घाला: २४.६ नॅनोमोल असेल तर २४६ मायक्रोलिटर. हा १०० मायक्रोमोलरचा साठा झाला. त्यातले १० मायक्रोलिटर आणि पाणी ९० म्हणजे रोजच्या वापराचं १० मायक्रोमोलर. ते ५-६ छोट्या नळ्यांत वाटून ठेवा. एक नळी दूषित झाली तर बाकीच्या वाचतात.

पिपेटला आपण फार गृहीत धरतो. नवखा हात द्रव ओढताना दट्ट्या दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबतो आणि मापापेक्षा जास्त उचलतो. पहिल्या थांब्यापर्यंत दाबून ओढायचं, सोडताना दुसऱ्यापर्यंत. १००० मायक्रोलिटर पाणी तराजूवर १० वेळा मोजून पाहा. २५ अंशांना ते ०.९९७ ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. आकडे एकमेकांपासून लांब पडले तर हात चुकतोय, सगळे एकाच बाजूला सरकले तर पिपेट. २० मायक्रोलिटरच्या पिपेटसाठी ०.१ मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा तराजू लागेल.

आता पीसीआर. २५ मायक्रोलिटरच्या एका नळीत साधारण असं जातं: २एक्स मिक्स (प्रती करणारं टॅक एन्झाइम असलेलं दुप्पट तीव्र मिश्रण) १२.५, दोन्ही प्रायमर १-१ (१० मायक्रोमोलरचे), डीएनए १, पाणी ९.५. नळ्या ८ असतील तर मास्टर मिक्स (डीएनए सोडून बाकी सगळ्याचं एकत्र मिश्रण) ९ चं करा, नाहीतर शेवटची नळी अर्धीच भरते. नमुने ५ असोत की १५, दोन कंट्रोल प्रत्येक वेळी: डीएनएऐवजी पाणी असलेली निगेटिव्ह, आणि आधी चाललेला डीएनए घातलेली पॉझिटिव्ह. ‘आज नळ्या कमी आहेत, कंट्रोल उद्या’ असं म्हणालात की तो दिवस गेलाच.

निकाल वाचायचा क्रम ठरलेला आहे. जेलवर पॉझिटिव्हमध्येच पट्टा (डीएनएची रेघ) नाही? मग नमुन्यांकडे बघूच नका. काहीतरी घालायचं राहिलं, नाहीतर मशीनवरचा प्रोग्रॅम चुकला. १६एसचे २७एफ-१४९२आर प्रायमर जवळपास १५०० बेसजोड्यांचा तुकडा देतात, आणि साध्या टॅकला एक हजार बेसजोड्यांना सुमारे १ मिनिट लागतं. कुणाचा तरी ३०० बेसजोड्यांचा प्रोग्रॅम तसाच लावला आणि विस्ताराची (प्रत पूर्ण लिहून होण्याची) पायरी ३० सेकंदांचीच राहिली, तर जेल कोरंच येणार. पॉझिटिव्हमध्ये पट्टा आहे पण नमुन्यात नाही, तर मातीच्या बाबतीत पहिला संशय ह्युमिक आम्लावर (कुजलेल्या पालापाचोळ्यातून मातीत येणारा तपकिरी पदार्थ) घ्या. डीएनएला तपकिरी झाक दिसत असेल तर बहुधा तेच टॅकला अडवतंय. यावरचा इलाज नवख्यांना उलटा वाटतो: डीएनए वाढवायचा नाही, १:१० आणि १:५० असा पातळ करून घालायचा. डीएनए कमी होतो तसा अडथळाही कमी होतो, आणि पट्टा उमटतो.

निगेटिव्हमध्येही पट्टा दिसला तर एरवी पाणी आणि प्रायमरची नळी एकेक करून बदलायची. दोन्ही एकदम बदललीत तर दोष कशात होता ते कळत नाही. पण १६एसमध्ये एक खोच आहे. हे प्रायमर जवळजवळ सगळ्या जिवाणूंना लागू पडतात, आणि टॅक एन्झाइम बनवतात ई. कोलायमध्ये. त्यामुळे त्यात जिवाणूंच्या डीएनएचा किंचित अंश राहू शकतो आणि पीसीआरच्या ३५ आवर्तनांनंतर निगेटिव्हमध्येही फिकट पट्टा उगवतो. आवर्तनं २८-३० वर आणा. तरीही पट्टा ठसठशीत असेल तर दूषण तुमच्याच टेबलावर आहे.

जेलचं थोडक्यात: ०.५ ग्रॅम अ‍ॅगरोज ५० मिली १एक्स टीएई बफरमध्ये म्हणजे १ टक्का. बफरऐवजी चुकून नुसत्या पाण्यात जेल केलं तर डीएनए धड सरकत नाही. डीएनए ऋणभारित असल्यामुळे लाल (धन) तारेकडे धावतो. तारा उलट लावल्या तर काही मिनिटांत नमुना मागच्या बाजूने बाहेर. इथिडियम ब्रोमाइड (डीएनएला चिकटून तो चमकवणारा घातक रंग) असेल तर हातमोजे घालावेच लागतात, आणि त्याच हातमोज्यांनी दाराचं हँडल किंवा मोबाइल धरायचा नाही. हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळेच विसरतात.

बाटल्या धुण्याबद्दल. पहिला आठवडा जिवाणू वाढवायची माध्यमं बनवणं, ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणं: १२१ अंश, १५-२० मिनिटं) आणि धुणं यात गेला तर कुरकुर करू नका. साबणाचा अंश राहिलेल्या फ्लास्कमध्ये जिवाणू नीट वाढत नाहीत, हे माहीत नसलेला माणूस पुढे आठवडाभर चुकीच्या जागी दोष शोधत बसतो. पण दुसऱ्या आठवड्याच्या शेवटीही स्वतःचा प्रश्न हाती नसेल तर बोला. गाईड बहुतेक वेळा दौऱ्यावर असतात, खरं काम शिकवतात पीएचडीचे विद्यार्थी, तेव्हा आधी त्यांच्याशी. ‘मला काम द्या’ असं मोघम मागू नका. ‘या तीन नमुन्यांवर हे प्रायमर चालतात का एवढंच पाहू का?’ असं विचारलंत तर होकार सहसा मिळतो. प्रश्न लहानच असू द्या. ‘मातीतल्या जिवाणूंची विविधता’ हा दोन महिन्यांचा विषय नाही; ‘डीएनए काढायच्या दोन पद्धतींपैकी या मातीत कोणती चालते’ हा आहे.

वहीत तारीख, हेतू, प्रत्यक्षात घातलेली मापं, नळ्यांचे लॉट नंबर आणि जेलचा फोटो लेनच्या नावांसकट हवा. फसलेल्या जेलचासुद्धा. शाईने लिहा, चूक एका रेघेने खोडा, पान फाडू नका. पद्धतीचा भाग दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच लिहून टाका. जून संपताना अ‍ॅनीलिंगचं तापमान (प्रायमर डीएनएला चिकटतो ते) ५५ होतं की ५८ हे कुणालाच आठवत नसतं. अप्रकाशित जेलचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकू नका, यावरून लॅबमध्ये खरोखर भांडणं होतात. शोधनिबंधात नाव येईल ही आशा दोन महिन्यांच्या कामावर धरू नये. आभारात आलं तरी चांगलं.

तुमच्या मैत्रिणीने खगोलशास्त्राचं विचारलंय. पुण्यातल्या आयुका किंवा एनसीआरए या खगोलसंस्थांसारख्या ठिकाणी उन्हाळी काम बरंचसं संगणकावर चालतं. तिथे पिपेटची जागा कोड घेतो, पण कंट्रोल तसेच: उत्तर आधीच माहीत असलेला डेटा स्वतःच्या प्रोग्रॅममधून काढून पाहायचा आणि मूळ फाइलला हात लावायचा नाही.

सातव्या आठवड्याच्या बुधवारनंतर नवा प्रयोग सुरू करू नका; फार तर शंकास्पद एक जेल परत चालवा. फ्रीजरमधल्या नळ्यांवर नाव, तारीख आणि वहीचा पान क्रमांक लिहा, कारण नुसतं ‘१, २, ३’ लिहिलेला डबा पुढचा माणूस फेकून देतो. मूळ वही लॅबमध्येच राहते, विचारून स्कॅन घ्या. आणि नो-ड्यूजच्या कागदावर ग्रंथालय, वसतिगृह, लेखा विभाग अशा सह्या लागतात. सही करणाऱ्यांपैकी एक तरी शेवटच्या शुक्रवारी रजेवर असतो, म्हणून तो कागद मंगळवारीच फिरवायला घ्या.