वाचक विचारतात : आधी पैसे भरू का?

प्रश्न : जेल रोडवर दुकानासमोर स्कूटर उभी केली होती. दोन दिवसांनी नो पार्किंगच्या ५०० रुपयांच्या चलानाचा एसएमएस आला. तिथे पाटी नव्हती. शेजारचे काका म्हणतात, आधी भरून टाका, मग तक्रार करा. खरंच असं करायचं का?
— एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : काकांचं ऐकू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली चलानाचे पैसे, म्हणजे तडजोडीची रक्कम, भरली की प्रकरण तिथेच मिटतं, भांडायला काही उरत नाही.

आधी चलानासोबतचा फोटो सरकारी पोर्टलवर स्वतः जाऊन उघडा. एसएमएसमधून एपीके फाइल आली असेल तर तिला हात लावू नका, ती फसवणूक असते. फोटोत नंबर वाचता येतो का, वेळ आणि जागा बरोबर आहे का, ते पाहा. मग स्कूटरचं मागचं चाक बघा. चाक फुटपाथच्या ब्लॉकवर, झेब्रा क्रॉसिंगवर, बस स्टॉपजवळ किंवा कुणाच्या फाटकासमोर असेल तर पाटी नव्हती हा मुद्दा टिकणार नाही. तिथे पाटी नसली तरी गाडी लावायची नसते. असं असेल तर भरून मोकळे व्हा.

चाक रस्त्याच्या कडेला असेल तर त्याच आठवड्यात तिथे जा. एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंत चालत, न थांबवता मोबाइलवर व्हिडिओ काढा. सुटे फोटो दिले की साहेब म्हणतात, पाटी मागे होती, तुम्ही पुढचा फोटो आणलात. निळी गोल पाटी, लाल काठ आणि एकच तिरकी लाल पट्टी म्हणजे नो पार्किंग. फुलीसारख्या दोन पट्ट्या असतील तर थांबायलाही मनाई. झाडाच्या फांदीमागे किंवा होर्डिंगआड दडलेली पाटी सापडली तर तीही व्हिडिओत येऊ द्या.

मग वाहतूक पोलिस उपायुक्तांच्या नावे एक पानी अर्ज करा. चलान नंबर, गाडी नंबर, तारीख, वेळ, नेमकी जागा लिहा आणि मागणी एकच ठेवा : चलान रद्द करावं. ‘दंड कमी करावा’ लिहिलंत तर चूक कबूल केल्यासारखं होतं. अर्ज दोन प्रतींत न्या, आपल्या प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. सोबत आरसी आणि चलानाची प्रत जोडा.

उत्तर आलं नाही तर तो आवक नंबर देऊन १८१ वर, म्हणजे सीएम हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवा. मग फोन येईल, ‘संतुष्ट हैं? शिकायत बंद कर दें?’ लेखी उत्तर हातात येईपर्यंत नाही म्हणा. मंगळवारची जनसुनवाई, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात ती, आहेच. याच काळात १० रुपये भरून माहितीच्या अधिकारात त्या रस्त्यावर पार्किंगला मनाई करणाऱ्या आदेशाची प्रत मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आदेशच निघाला नसेल तर तुमची बाजू चांगलीच भक्कम झाली.

तोवर चलान व्हर्च्युअल, म्हणजे ऑनलाइन, कोर्टात गेलं तर दंड भरण्याचा पर्याय दाबू नका. खटला लढवण्याचा पर्याय निवडला की प्रकरण नेहमीच्या कोर्टात जातं. तिथे तारखेला हजर राहा, व्हिडिओ पेन ड्राइव्हमध्ये न्या. नोटिशीवर छापलेली मुदत मात्र चुकवू नका.

प्रश्न : क्रेनवाली मुलं गाडी उचलून घेऊन गेली. सोबत पोलिस नव्हता. हे चालतं का?

उत्तर : नाही. कलम १२७ प्रमाणे गाडी उचलायला किंवा जॅमर लावायला हद्दीतल्या, वर्दीतल्या पोलिस अधिकाऱ्याची परवानगी लागते. गाडी सोडवताना पावती घ्या, तिच्यावर अधिकाऱ्याचं नाव आहे का बघा आणि ओरखडे असतील तर आवारातून बाहेर काढण्याआधीच फोटो काढा. गेटबाहेर आलात की ओरखडे तुमचेच.

प्रश्न : लोक अदालतीत चलान रद्द होतं का?

उत्तर : तिथे तडजोड होते. चूक झालीच असेल तर जरूर जा. चूक नसेल तर जाऊ नका, कारण लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील करता येत नाही.